पॅरिश ऑफिसातून बाप्तिस्म्याचा दाखला काढला, त्याचा रिव्ह्यू (पाचपैकी चार स्टार)

हॉटेलचे, कूलरचे, मोबाईलचे रिव्ह्यू ढिगानं मिळतात पण पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, ऑफिसचा रिव्ह्यू कोणी टाकत नाही, आणि खानदेशातल्या कॅथलिक घरांना लग्नसराई आली की नेमकं हेच काम पडतं, तर म्हटलं आपणच टाकू. चर्च जळगाव जिल्ह्यातल्या एका रेल्वेच्या गावातलं आहे, जुनं, दगडी. नाव टाकत नाही, फादरच म्हणाले नको, फोन वाढतील. फोनचं काय ते खाली सांगतोच.

कामं दोन होती. एक आमच्या बहिणीचं. तिचं लग्न वसईला ठरलंय आणि तिकडच्या चर्चने बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागितला, ताजा म्हणजे सहा महिन्यांच्या आतला. घरात तिचा दाखला होता, फ्रेम करून भिंतीवर लावलेला, आई म्हणे हाच द्या ना, यावर शिक्कापण आहे. चालत नाही. दुसरं काम शेजारच्या आंटींचं. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो गेल्यावर फॅमिली पेन्शनच्या कागदांत आंटींच्या नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळेना, जुना कुठला तरी कागद आणा म्हणाले. आंटींचा जन्म चाळीसच्या दशकातला, तेव्हा कुठला आलाय जन्मदाखला, मग उरला तो स्नानसंस्काराचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा.

आता आंटींचा मुंबईतला भाचा हुशार, त्याने ठरवलं की तेव्हा मुंबई इलाखा होता म्हणजे कागद मुंबईलाच असणार. तिथे बिशपांच्या ऑफिसात गेला तर त्याला सांगितलं की खानदेश आमच्याकडे नव्हता, पुण्याकडे होता. पुण्याला फोन लावला तर ते म्हणाले बरोबर, होता, पण १९८७ पासून नाशिकला गेला. नाशिकचे म्हणाले की अहो बाप्तिस्मा जिथे झाला त्या चर्चमध्येच विचारा, रजिस्टर तिथंच असतं. म्हणजे जे रजिस्टर आंटींच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे त्यासाठी पोरगं निम्मा महाराष्ट्र फिरलं. तिन्ही ठिकाणी कोणी चुकीचं सांगितलं नाही, सगळे बरोबरच बोलत होते, फक्त याला कुठला धागा धरायचा ते माहीत नव्हतं. ते एवढंच आहे बघा: बिशप कुठला, धर्मप्रांत (एका बिशपांच्या हाताखालचा मुलूख) कुठला हे नंतर, आधी पाणी कुठल्या चर्चमध्ये पडलं ते घरात विचारा.

ऑफिस चर्चच्या मागच्या अंगाला, फादर राहतात त्याच इमारतीत खाली. एक टेबल, एक लोखंडी कपाट, एक कॉम्प्युटर, पंखा जोरात. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर असतो तेव्हा सकाळी नऊच्या आत जा, नंतर त्या पत्र्याच्या शेडखाली उभं राहवत नाही. टेबलावर एक अंकल बसतात, रेल्वेतून रिटायर, अर्धा दिवस सेवा म्हणून येतात. माणूस एकदम शिस्तीतला. आपण कितीही घाई केली तरी आधी विचारणार: पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आईचं लग्नाआधीचं नाव, अंदाजे साल, धर्मपिता धर्ममाता कोण. हे पाठ करून जा. बहिणीचं सगळं तयार होतं त्यामुळे त्यांनी कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, पान सापडलं, चहा संपायच्या आत दाखला लिहून झाला, फादरांची सही आणि पॅरिशचा गोल शिक्का. पैसे ठरलेले नाहीत, जे द्यायचं ते द्या म्हणाले, दिले त्याची पावती मिळाली. या बाबतीत सरकारी दाखल्याच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला इथं स्वर्ग वाटेल.

तो ताजा दाखला का मागतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि हे कळल्यावर भिंतीवरच्या फ्रेमवरून भांडण मिटलं. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये शेवटी एक शेऱ्याचा रकाना असतो. माणसाचं दृढीकरण (कन्फर्मेशन) कधी झालं, लग्न कधी आणि कुठे झालं, कोणी फादर किंवा सिस्टर झालं असेल तर ते, असं सगळं आयुष्यभर त्याच नोंदीपुढे लिहीत जातात. लग्न दुसऱ्या गावात लागलं तर तिथल्या फादरांनी बाप्तिस्म्याच्या गावी कळवायचं असतं आणि इथल्या फादरांनी ते शेऱ्यात चढवायचं. चर्चच्या कायद्यातच आहे, कॅनन लॉ कलम ५३५, बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांची रजिस्टरं प्रत्येक पॅरिशने ठेवलीच पाहिजेत आणि बिशप भेटीला आले की ती तपासतात. म्हणून दाखला ताजा हवा, कारण ताज्या दाखल्यावर आजचा शेरा उतरतो, पोरीचं आधी कुठे लग्न लागलेलं नाही हे वसईवाल्यांना त्यावरून दिसतं. वीस वर्षांपूर्वीच्या फ्रेममधल्या कागदावर ते कसं दिसणार. मला विचाराल तर व्हॉट्सॲपवर मुलामुलीची चौकशी करणाऱ्या नातेवाइकांपेक्षा हा रकाना जास्त भरवशाचा.

आंटींचं काम मात्र असं झटपट झालं नाही. जुनं रजिस्टर लॅटिनमध्ये. छापील रकाने लॅटिन आणि नावंसुद्धा लॅटिन करून लिहिलेली, जॉनचं जोआनेस, फ्रान्सिसचं फ्रान्सिस्कुस. त्यात मागची सूची आडनावावरून नाही तर पहिल्या नावावरून. आंटी घरात ज्या लाडक्या नावाने ओळखल्या जातात ते तर तिथं असायचं कारणच नव्हतं. अंकल म्हणाले बाई तुमच्या बाप्तिस्म्याचं खरं नाव काय, आंटींनाच पक्कं सांगता येईना, मग फोनवर गोव्याच्या एका म्हाताऱ्या मावशीला विचारलं. सापडलं अखेर, पण इथल्या बाप्तिस्म्यांत नाही, पुढच्या एका छोट्या स्टेशनचं नाव बाजूला लिहिलेलं. त्या काळी लहान स्टेशनांवर फादर राहत नसत, मोठ्या गावचे फादर गाडीने फिरत, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) घेत, पोरांचा बाप्तिस्मा करत आणि परत आल्यावर आपल्या रजिस्टरमध्ये चढवत. त्यामुळे ज्यांचे आजोबा लहान स्टेशनवर पॉइंट्समन किंवा पोर्टर होते त्यांनी त्या गावात चर्च शोधत बसू नये, जवळचं मोठं जंक्शन धरावं.

पानं चाळताना अंकलनी आणखी एक गंमत दाखवली. सगळ्यात जुन्या पानांवर फादरांच्या सह्या जर्मन वळणाच्या, आणि पहिल्या महायुद्धाच्या सालांपाशी सही एकदम बदलते. त्याचं कारण मोठं आहे. हा भाग जेझुइट नावाच्या संघाच्या फादरांकडे होता आणि ते होते जर्मन. १८५४ मध्ये मुंबईच्या जुन्या मिशनचे दोन भाग झाले, मुंबई आणि पुणे, आणि काही वर्षांतच दोन्ही जेझुइटांच्या हातात आले. १ सप्टेंबर १८८६ ला पोप तेरावे लिओ यांनी भारतात रीतसर धर्मप्रांत लावले तेव्हा मुंबई महाधर्मप्रांत, म्हणजे आर्चबिशपांचा धर्मप्रांत, झाला आणि पुणे धर्मप्रांत झाला. घाटावरचा हा सगळा मुलूख पुण्याकडे, त्यात आपलं खानदेश. युद्ध पेटल्यावर ब्रिटिशांनी जर्मन फादरांना शत्रूराष्ट्राचे म्हणून नजरकैदेत टाकलं आणि मग मायदेशी धाडलं, आणि मिशनचा गाडा कसाबसा दुसऱ्यांनी ओढला. तेव्हाचे पुण्याचे बिशप हेन्री डोरिंग यांची गोष्ट तर वेगळीच आहे, हे १९०७ मध्ये बिशप झाले, त्याआधी १९०३ मध्ये नगर जिल्ह्यात असताना त्यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केलं, आणि जर्मन असल्यामुळे पुण्याला राहता न आल्याने १९२१ मध्ये त्यांना कुठं पाठवलं तर जपानला, हिरोशिमाला! १९२७ मध्ये परत पुण्याचे बिशप म्हणून आले. कुठं हिरोशिमा कुठं पुणे, आणि त्यांच्याच अखत्यारीतलं एक कपाट आमच्या गावात.

आमच्या भागातले कॅथलिक दोन वाटांनी आलेत हे पण त्या रजिस्टरवरून लक्षात येतं. एक वाट लोखंडाची. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे तापीच्या खोऱ्यात आली, तिच्यामागे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, टेलिग्राफवाले आले, त्यात अँग्लो-इंडियन होते, आयरिश होते, गोव्याचे होते. नावं बघा नुसती, एका पानावर ओब्रायन, फर्नांडिस, डिसिल्वा. दुसरी वाट नगरकडची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नगर जिल्ह्यात राहुरी, संगमनेर, राहाता या बाजूला याच जर्मन जेझुइटांनी गावोगाव काम सुरू केलं, तिथली मराठी कुटुंबं नंतर नोकरीसाठी पांगली, त्यात आमचे पणजोबा, लोको शेडला लागले. त्यामुळे रविवारी इंग्रजी मिस्सा वेगळी आणि मराठी वेगळी, आणि नाताळच्या करंज्या कोणाच्या चांगल्या यावरून अजून दोन पार्ट्या आहेत. हे विषयांतर झालं, असो.

मुद्द्यावर येतो, कारण ज्याला खानदेशातून दाखला काढायचाय त्याला हा नकाशा कळलाच पाहिजे. १९८७ मध्ये, १५ मे ला, पोप दुसरे जॉन पॉल यांनी पुण्यातून नाशिक धर्मप्रांत वेगळा काढला. त्यात नाशिक, अहमदनगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, जळगाव आणि धुळे. नंदुरबार तेव्हा धुळ्यातच होतं, जिल्हा म्हणून ते १ जुलै १९९८ ला वेगळं झालं, धर्मप्रांताला त्याने फरक पडला नाही. आज पाच जिल्हे मिळून साधारण ५७ हजार चौरस किलोमीटर होतात. अख्खं केरळ ३९ हजारांच्या आत आहे आणि तिथे धर्मप्रांत किती ते मोजा. आमच्याकडे एक बिशप, आणि त्यांचं ऑफिस भुसावळहून रेल्वेने अडीचशे किलोमीटर, धडगावच्या माणसाला तर विचारूच नका. पहिले बिशप थॉमस भालेराव, मराठी माणूस, जेझुइट, वीस वर्षं होते, २००७ पर्यंत. मग फेलिक्स मच्याडो आले २००८ मध्ये, ते आधी व्हॅटिकनमध्ये काम करत होते म्हणून त्यांना आर्चबिशप ही पदवी व्यक्तिगत दिलेली. आंटींना अजून वाटतं की नाशिक महाधर्मप्रांत आहे, त्याचं कारण हे. तसं नाही, पदवी त्यांची, नाशिकची नाही, आणि पुढच्याच वर्षी ते वसईला गेले. २०१० मध्ये लूर्ड्स डॅनियल अमरावतीहून आले, आणि २०२४ पासून बार्थोल बरेटो, जे मुंबईचे सहाय्यक बिशप होते. जुना दाखला कुठल्या बिशपांच्या काळातला आहे त्यावरून काही अडत नाही, हे फक्त माहिती म्हणून.

आता सीमेवरच्या लोकांनी नीट वाचा. आपलं खानदेश मधोमध बसलंय आणि चारही बाजूंनी बिशप बदलतो. मलकापूरच्या बाजूला बुलढाणा जिल्ह्यात शिरलात की अमरावती धर्मप्रांत, तो १९५५ मध्ये नागपूरमधून निघाला. अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोडकडे गेलात की औरंगाबाद, १९७७ चा, आणि हे दोन्ही नागपूरच्या आर्चबिशपांच्या प्रांतात, म्हणजे त्यांच्याभोवतीच्या धर्मप्रांतांच्या गटात. रावेर ओलांडून बऱ्हाणपूरला गेलात की मध्य प्रदेश, खांडवा धर्मप्रांत, तोही १९७७ चा आणि तो भोपाळच्या प्रांतात. नवापूरच्या पुढे उकाई-व्याराकडे गुजरातेत उतरलात की बडोदा, १९६६ मध्ये झालेला, आता गांधीनगरच्या प्रांतात. आणि आपला नाशिक मुंबईच्या प्रांतात, पुणे आणि वसईच्या जोडीला. म्हणजे ज्याची आई बऱ्हाणपूरची, बाप व्याऱ्याचा आणि स्वतः राहतो जळगावला त्याच्या घरातले तीन दाखले तीन धर्मप्रांतांतून आणि तीन राज्यांतून येणार. पण पुन्हा तेच सांगतो, नवा धर्मप्रांत झाला म्हणून जुनी रजिस्टरं कोणी उचलून नाशिकला नेली नाहीत. कपाट जिथं होतं तिथंच आहे, फक्त वरचा शिक्का बदलला.

आमच्याकडे रेल्वेवाले जास्त म्हणून सगळ्यांना वाटतं की हे झोन, डिव्हिजन, स्टेशन असंच असणार, पोप म्हणजे रेल्वे बोर्ड, आर्चबिशप म्हणजे जीएम, बिशप म्हणजे डीआरएम आणि फादर म्हणजे स्टेशन मास्तर. फादर हसले. म्हणाले इथंच गडबड होते, मुंबईचे आर्चबिशप नाशिकच्या बिशपांचे साहेब नाहीत. बिशपची नेमणूक थेट पोप करतात आणि बिशप थेट त्यांनाच जबाबदार असतो, आर्चबिशपांकडे आजूबाजूच्या धर्मप्रांतांवर थोडी देखरेख असते पण रोजच्या कारभारात ते हात घालत नाहीत. त्यामुळे नाशिकच्या पॅरिशचं काम अडलं म्हणून मुंबईला चिठ्ठी नेऊन काही होत नाही. पंच्याहत्तर वर्षं झाली की बिशपने राजीनामा पाठवायचा, तो कधी स्वीकारायचा ते पोप ठरवतात.

बिशपांच्या खाली एक विकर जनरल, म्हणजे बिशपांच्या जागी कारभार बघणारे फादर, हे नेमावेच लागतात. एक चान्सलर, कागदपत्रं आणि दप्तर त्यांच्याकडे, लोक ज्याला चान्सरी म्हणतात ते त्यांचंच ऑफिस. पैशांसाठी एक हिशोबनीस फादर किंवा बाहेरचा माणूस, आणि त्याच्यावर वित्त समिती. मोठ्या निर्णयांना सल्लागार फादरांचं मंडळ, सहा ते बारा जणांचं, बिशपची जागा रिकामी झाली की हेच मंडळ तात्पुरता प्रशासक निवडतं. लग्न रद्द ठरवायच्या केसेस धर्मप्रांताच्या कोर्टात, त्याला वेगळे न्यायाधीश फादर. मग जवळजवळच्या पॅरिशांचा एक गट, त्यावर एक डीन, आणि शेवटी पॅरिश. पॅरिशमध्येसुद्धा वित्त समिती सक्तीची आहे, सल्लागार समिती बिशपांनी सांगितली तर. आमच्या पॅरिशच्या समितीत एक काका आहेत, छताच्या पत्र्यांचा विषय निघाला की त्यांना आवरणं कठीण, पण ते वेगळं.

यातलं तुमच्या कामाचं फक्त चान्सरी. बहिणीचं लग्न दुसऱ्या धर्मप्रांतात लागणार होतं, म्हणून पॅरिशमधून तयार झालेले कागद, म्हणजे दाखला, ती अविवाहित असल्याचं पत्र, विवाहपूर्व शिबिराचं सर्टिफिकेट आणि इथं चर्चमध्ये रविवारी लग्नाची घोषणा झाली, कोणाची हरकत आली नाही याचं पत्र, हे सगळं चान्सरीचा शिक्का लागून वसईला जायचं. ते आम्ही पोस्टाने पाठवलं, जायची गरज पडली नाही. घोषणेसाठी तीन रविवार लागतात हे मात्र कॅलेंडरवर आधी बघून ठेवा, लोक हॉल बुक करतात, बँड बुक करतात आणि मग फादरांच्या मागे लागतात.

दुसऱ्या पंथात किंवा धर्मात लग्न असेल तर अजून एक पायरी. मुलगा प्रोटेस्टंट असेल तर बिशपांची परवानगी, हिंदू किंवा मुसलमान असेल तर बिशपांकडून सूट घ्यावी लागते, ही सूट नसेल तर चर्चच्या दृष्टीने लग्न वैधच नाही. हे नंदुरबार-नवापूरवाल्यांना जास्त लागू, तिकडच्या आदिवासी भागात ख्रिस्ती बरेच प्रोटेस्टंट मंडळ्यांचे, घरोघरी सोयरिकी होतात. आणि इथं एक मोठा घोळ आहे तो लक्षात ठेवा: नाशिक डायोसिस (म्हणजे धर्मप्रांत) नावाचे दोन आहेत. एक आपला कॅथलिक, १९८७ चा, आणि एक चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, जो मूळ अँग्लिकन, १९२९ चा. दोघांना बिशप, दोघांची ऑफिसं नाशिकला, लेटरहेडवर गावाचं नाव तेच. ऑनलाइन शोधून पहिला नंबर लावाल तर कोणीतरी चांगल्या मनाने सांगेल की तुमचं नाव आमच्याकडे नाही, आणि खरंच नसणार. यातच भर म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी आणि दीपनगरला आलेले मल्याळी कॅथलिक, त्यांच्यातल्या सिरो-मलबार (केरळच्या स्वतंत्र परंपरेच्या) कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याणला वेगळी व्यवस्था झाली, ते मिस्साला आमच्याच चर्चमध्ये येतात पण त्यांचं लग्नाचं काम असेल तर आधी त्यांच्या फादरांना विचारावं.

बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे जन्मदाखला नव्हे हेही सांगून टाकतो, कारण ऑफिसात माझ्यासमोर एक जोडपं बाळाच्या पासपोर्टसाठी आलेलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखलाच लागतो, चर्चचा कागद तिथे कामाचा नाही. अंकलनी त्यांना नीट समजावून परत पाठवलं, नुसतं ‘होणार नाही’ म्हणून हाकललं नाही, हे मला आवडलं. आंटींचं पेन्शनचं प्रकरण वेगळं, त्यांच्या काळचा दुसरा कागदच नाही, आणि त्यांचा दाखला अर्जासोबत जोडून घेतला, पुढचं चालू आहे.

आता एक स्टार का कापला. पहिलं कारण फोन. लागत नाही, लागला तर उचलत नाहीत, उचलला तर स्वयंपाकाची मावशी उचलते आणि ‘फादर नईयेत’ म्हणून ठेवते. पुण्यामुंबईला राहणारी पोरं काय करणार, त्यांना एक साधा ईमेल किंवा फॉर्म पाहिजे. दुसरं, बाहेर एक पाटी लावा हो, कुठल्या कामाला काय माहिती आणायची ते लिहून. अंकल प्रत्येकाला तेच प्रश्न विचारतात आणि निम्मे लोक आईचं माहेरचं नाव विचारायला परत घरी जातात. तिसरं, जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायचं काम अर्धवट पडलंय, अलीकडची झाली, लॅटिनवाली तशीच. त्या पानांच्या कडा आता तुटायला लागल्यात, कपाटात डांबरगोळ्या टाकून किती दिवस टिकणार. पुढचे शेरे, जुनी नावं, सगळं त्या एका कपाटावर उभं आहे आणि त्या कपाटाला पावसाळ्यात मागच्या भिंतीची ओल येते. समितीतल्या पत्र्यावाल्या काकांनी आधी या भिंतीचं बघावं, पत्रे नंतर. मी हे त्यांना तोंडावर सांगितलंय, त्यामुळे इथं लिहायला हरकत नाही.

बाकी चार स्टार पक्के. वागणूक चांगली, पैशांची कटकट नाही, जात-पात, मराठी की गोवन की मद्रासी असं काही नाही, आणि मधल्या माणसाची गरज नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहितोय कारण दुसऱ्या एका गावात एकजण ‘चर्चचे दाखले काढून देतो’ म्हणून पैसे घेतो असं कानावर आलंय. देऊ नका. स्वतः जा, नाव आणि साल पाठ करून जा.

ऑफिस सोमवारी बंद. मंगळवार ते शनिवार सकाळी चालू असतं, रविवारी मिस्सेनंतर फादर भेटतात पण तेव्हा दाखला लिहून मिळत नाही, फक्त नाव टिपून घेतात. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, सगळे नगरकडच्या हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेच्या तयारीत असतात, फादरसुद्धा. आणि दाखला मिळाला की तो लॅमिनेट करू नका, चान्सरीला मागच्या बाजूला शिक्का मारायचा असतो.